५०-० आणि ४९-०: अपराजित बॉक्सिंग विजेत्यांची तुलना करताना या चुका टाळा

फ्लॉइड मेवेदर ५०-०, रॉकी मार्सियानो ४९-०. आकडे शेजारी ठेवले की वाद मिटला असं वाटतं, पण खरी गडबड तिथूनच सुरू होते. पराभवाच्या रकान्यातलं शून्य दोघांचंही सारखंच दिसतं. ते कोणासमोर, किती वजनावर आणि कुठल्या नियमांखाली राखलं, समोरचा तेव्हा भरात होता की उतरणीला लागला होता, हे त्या शून्यावरून कळत नाही. त्यासाठी एकेक सामना उघडून बघावा लागतो. आणि बघताना पुढच्या चुका हमखास होतात.

आकडा मोठा, म्हणून बॉक्सर मोठा

थायलंडचा वानहेंग मेनायोथिन २०१८ मध्ये ५०-० वर पोचला आणि पुढे ५४-० पर्यंत गेला. तो डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संस्थेचा स्ट्रॉवेट विजेता होता, म्हणजे १०५ पौंडांचा, ४७.६ किलोंचा गट. नोव्हेंबर २०२० मध्ये तो हरला. विजयांच्या संख्येत त्याने मेवेदरला मागे टाकलं होतं, तरी त्याला मेवेदरच्या वर बसवायला कोणी तयार नव्हतं. त्याचे बहुतेक सामने मायदेशात झाले होते आणि त्यातले बरेच अगदी नवख्यांशी. डेन्मार्कचा हेविवेट ब्रायन नील्सनही ४९-० वर पोचला होता. १९९९ मध्ये पन्नासाव्या सामन्यात डिकी रायनने त्याला हरवलं. नुसता आकडाच धरायचा, तर त्या सामन्याआधी नील्सन मार्सियानोच्या बरोबरीला होता.

आता त्याच १०५ पौंडांत, त्याच डब्ल्यूबीसी पट्ट्याचा, म्हणजे जेतेपदाचा, मेक्सिकन मानकरी रिकार्डो लोपेझ घ्या. ५१ विजय, त्यातले ३८ नॉकआउट, एक बरोबरी, पराभव नाही. १९९० मध्ये त्याने जपानमध्ये जाऊन हिदेयुकी ओहाशीकडून जेतेपद घेतलं. वानहेंगच्या आणि त्याच्या आकड्यांत फारसं अंतर नाही, दर्जात मात्र आहे.

यावरचा उपाय असा. सगळी यादी मोजू नका. प्रतिस्पर्धी त्या वेळी जगज्जेता होता, आधी होऊन गेला होता, पुढे झाला, किंवा त्या वर्षीच्या ‘द रिंग’ मासिकाच्या क्रमवारीत पहिल्या दहांत होता, असेच सामने ठेवा. बाकीचे बाजूला काढा. मेवेदरचा पन्नासावा सामना या चाळणीतून गळतो, कारण २०१७ मध्ये समोर उभा असलेला कॉनर मॅकग्रेगर व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पहिल्यांदाच उतरत होता. नेवाडाच्या आयोगाची मान्यता असल्याने तो सामना अधिकृत नोंदीत आहे आणि तिथे असायलाही हवा. तुलनेत मात्र त्याचं वजन शून्य. २०१८ मधला तेन्शिन नासुकावाशी आणि २०२१ मधला लोगन पॉलशी झालेला सामना तर प्रदर्शनीय होता, ते नोंदीतही नाहीत. तरी कोणी ना कोणी ‘५२-०’ लिहितोच.

प्रतिस्पर्ध्याचं नुसतं वय पाहून निकाल लावणं

मार्सियानोविरुद्धचा ठरलेला आक्षेप म्हणजे त्याने म्हाताऱ्यांना हरवलं. जो लुईस ३७ वर्षांचा, जर्सी जो वॉलकॉट ३८ चा, आर्ची मूर चाळिशीच्या आसपास. मूरचं जन्मवर्ष १९१३ की १९१६ यावरही वाद होता. आक्षेपात तथ्य आहे, पण तिघांना एकाच मापाने मोजणं चूक.

वय लिहा, आणि त्यासोबत आणखी दोन गोष्टी लिहा: सामन्याआधीच्या दोन वर्षांत त्या बॉक्सरने कोणाला हरवलं, आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत काय केलं. मग चित्र फुटून वेगळं होतं. लुईस १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सकडून हरला, पुढचे आठ सामने जिंकला, ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोऱ्यांबाहेर फेकलं आणि त्यानंतर तो पुन्हा उतरला नाही. संपत आलेला मोठा माणूस. वॉलकॉटचं तसं नाही. त्याने ३७ व्या वर्षी चार्ल्सला नॉकआउट करून जेतेपद मिळवलं आणि जून १९५२ मध्ये त्यालाच हरवून ते राखलं. सप्टेंबरमध्ये मार्सियानोसमोर आला तो खरा, चालू विजेता होता. मूर तर १९५५ मध्ये मार्सियानोला दुसऱ्या फेरीत खाली पाडून शेवटी नवव्या फेरीत हरला आणि नंतरही कित्येक वर्षं लाइट-हेविवेटचा विजेता राहिला. १९५८ मध्ये इव्हॉन ड्युरेलने चारदा पाडल्यावर उठून त्यालाच नॉकआउट करणारा मूर हाच. हा ‘संपलेला’ म्हणायचा, तर शब्दाला अर्थ उरत नाही.

हीच कसोटी मेवेदरला लावा. मॅनी पॅकियाओ मे २०१५ मध्ये ३६ वर्षांचा होता आणि डिसेंबर २०१२ मध्ये हुआन मॅन्युएल मार्केझने त्याला झोपवलं होतं, म्हणून ‘पाच वर्षं उशिरा झालेला सामना’ असं म्हणतात. उशीर झालाच. पण त्याच पॅकियाओने २०१९ मध्ये, चाळिशीत, तोवर अपराजित असलेल्या कीथ थर्मनला हरवलं.

जो कॅल्झागीचा (४६-०) शेवटचा सामना उलट दिशेने तपासा. नोव्हेंबर २००८ मध्ये समोर रॉय जोन्स ज्युनियर. नाव केवढं, पण २००४ मध्येच टार्व्हर आणि ग्लेन जॉन्सन या दोघांनी त्याला नॉकआउट केलं होतं. कॅल्झागीची खरी कमाई २००६ मध्ये जेफ लेसी आणि २००७ मध्ये मिकेल केसलर यांच्यावरच्या विजयात आहे. दोघेही तेव्हा अपराजित होते, केसलर तर ३९-०.

पंधरा फेऱ्यांना बाराचा नियम लावणं

२३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. पहिल्याच फेरीत वॉलकॉटने मार्सियानोला खाली पाडलं, कारकिर्दीत पहिल्यांदाच. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीत तो मागे सरकत दोऱ्यांना टेकला. दोघांनी एकदमच उजवा हात सोडला. मार्सियानोचा ठोसा आखूड होता, तो आधी लागला. वॉलकॉटचा डावा हात दोरीत अडकला आणि तो तसाच घसरत गुडघ्यांवर आला.

आजच्या नियमांत हा सामना बाराव्या फेरीला संपला असता, वॉलकॉट जिंकला असता आणि ४९-० कधी झालंच नसतं, असा हिशेब हौसेने मांडला जातो. त्यात खोट आहे. पंधरा फेऱ्यांसाठी उतरलेला बॉक्सर दम पंधरा फेऱ्यांना पुरवून वापरतो. बाराच आहेत हे माहीत असतं, तर मार्सियानोने दहाव्या-अकराव्यात वेगळाच हल्ला केला असता, वॉलकॉटनेही बचाव वेगळा आखला असता. एका काळातला निकाल दुसऱ्या काळाच्या घड्याळावर कापता येत नाही. नोंद एवढीच करायची: सामना पंधराचा, शेवट तेराव्यात, तोवर मागे.

फेऱ्या कमी झाल्या त्या नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी झालेल्या लढतीनंतर कोरियाचा किम दुक-कू मरण पावल्यावर. डब्ल्यूबीसीने १९८३ पासून बारा केल्या, डब्ल्यूबीएने १९८७ मध्ये, आयबीएफने १९८८ मध्ये. म्हणून १९८३ ते १९८८ मधला सामना तपासताना कोणत्या संस्थेचा पट्टा होता, हे आधी बघा.

वजनगटाच्या नावावर विश्वास ठेवणं

वॉलकॉटशी लढला त्या रात्री मार्सियानो १८४ पौंडांचा होता, साडेत्र्याऐंशी किलो. आज २०० पौंडांपर्यंतचा बॉक्सर क्रूझरवेट धरतात. मार्सियानोच्या हाताचा पल्ला ६८ इंच, तर मे २०२४ मध्ये टायसन फ्युरीला हरवून हेविवेटचे चारही पट्टे घेणाऱ्या ओलेक्सांद्र उसिकचा ७८. दोघेही ‘हेविवेट विजेते’, पण शब्द एकच असला तरी गट एक नाही. मार्सियानोची तुलना करायचीच, तर त्याच्या काळातल्या हेविवेटशी किंवा आजच्या क्रूझरवेटशी करा.

खालच्या गटांत आणखी एक फसगत होते. पूर्वी वजन सामन्याच्या दिवशीच घेत, १९८० च्या दशकापासून ते आदल्या दिवशी घेतलं जाऊ लागलं. म्हणजे पाणी तोडून १४७ पौंडांत बसायचं आणि दुसऱ्या रात्री बरंच भरून रिंगमध्ये यायचं, हे शक्य झालं. १९५० मधला १४७ पौंडांचा वेल्टरवेट आणि आजचा वेल्टरवेट काट्यावर सारखे, रिंगमध्ये नाहीत. शिवाय दोन्ही बाजूंनी ठरवलेलं मधलंच वजन असतं ते वेगळं: मेवेदर आणि कानेलो आल्व्हारेझ २०१३ मध्ये १५४ च्या गटात लढले, पण करार १५२ चा होता.

नोंदवहीतली एक ओळ कशी भरायची, त्याचा नमुना: मेवेदर विरुद्ध हुआन मॅन्युएल मार्केझ, १९ सप्टेंबर २००९. ठरलेलं वजन १४४. मार्केझ १४२ वर आला, मेवेदर १४६ वर, आणि जादा दोन पौंडांपोटी त्याने सहा लाख डॉलर दंड भरला. मार्केझ ३६ वर्षांचा, त्याआधी १३५ च्या वर कधी लढलेला नाही. आधी: पॅकियाओशी अगदी थोडक्यात हरलेला, हुआन डियाझला हरवलेलं. नंतर: २०१२ मध्ये १४७ वर पॅकियाओला नॉकआउट. निकाल: तिन्ही पंच मेवेदरकडे, बारा फेऱ्या. म्हणजे प्रतिस्पर्धी अव्वल दर्जाचा, पण वजनाचा फायदा उघड उघड मेवेदरला. दोन्ही गोष्टी त्या एकाच ओळीत राहू द्या. एक खोडली की तुमची बाजू भक्कम दिसते, पण तुलना बिघडते.

‘जगज्जेता’ हा शब्द सगळ्यांना सारखाच देणं

मूळचे आठ गट आणि बहुतेक वेळा एका गटात एक विजेता, असा एक काळ होता. आज सतरा गट आणि चार मोठ्या संस्था, म्हणजे ६८ पट्टे, वर ‘सुपर’, ‘रेग्युलर’ आणि ‘अंतरिम’ची भर. टेरेन्स क्रॉफर्डचं (४२-०, डिसेंबर २०२५ मध्ये निवृत्त) वजन इथे कळतं: १४०, १४७ आणि १६८ या तीन गटांत त्याने चारही पट्टे एकाच वेळी धरले. कॅल्झागीने १९९७ मध्ये डब्ल्यूबीओचा पट्टा घेतला तेव्हा त्या संस्थेला आजचा मान नव्हता. त्याने २१ वेळा जेतेपद राखलं, ते मोजताना हे विसरू नका.

प्रादेशिक पट्टा तर वेगळाच. विजेंदर सिंगचा डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिक किताब हा जागतिक किताब नव्हे, बातम्यांत कसाही छापला असला तरी. (त्याची १२-० ही मालिका मार्च २०२१ मध्ये पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर, आर्टिश लोप्सानने मोडली.)

निकालापुढची अक्षरं न वाचणं

‘यूडी’ म्हणजे तिन्ही पंच एका बाजूला, ‘एमडी’ म्हणजे दोन एका बाजूला आणि तिसऱ्याची बरोबरी, ‘एसडी’ म्हणजे दोन-एक. ‘आरटीडी’ म्हणजे कोपऱ्यातूनच माघार, आणि ती नॉकआउटच्या आकड्यात धरली जाते. जवळजवळ प्रत्येक अपराजित विजेत्याच्या यादीत एक तरी सामना असा असतो की दुसऱ्या बाजूला गेला असता तरी कोणी ओरडलं नसतं. मेवेदरचा एप्रिल २००२ मधला कास्तियोविरुद्धचा. आंद्रे वॉर्डचा २०१६ मधला कोव्हालेवविरुद्धचा: दुसऱ्या फेरीत खाली, शेवटी तिन्ही पत्रिकांवर ११४-११३. लोपेझचा १९९८ मधला रोसेंडो आल्व्हारेझविरुद्धचा: डोकी आपटून झालेल्या जखमेमुळे थांबला आणि बरोबरीत सुटला. मार्सियानोचा १९५० मधला लास्टार्झाविरुद्धचा.

इथे विचारायचं ते एवढंच: परतीचा सामना दिला का, आणि त्यात काय झालं? या चौघांनी दिला आणि जिंकला. लोपेझचा परतीचाही दोन-एकनेच सुटला, तेही आल्व्हारेझ वजनात बसला नसताना. २००८ मध्ये पहिल्या फेरीत खाली पडून बर्नार्ड हॉपकिन्सला दोन-एकने हरवणाऱ्या कॅल्झागीने परतीचा सामना खेळला नाही. हा फरक मोठा आहे.

कॉम्प्युटरने किंवा व्हिडिओ गेमने लावलेले निकाल पुरावा म्हणून आणू नका. १९६७ मध्ये रेडिओवर झालेल्या असल्या कॉम्प्युटर स्पर्धेत मुहम्मद अलीला जुन्या काळातल्या हेविवेट विजेत्या जेफ्रीजकडून हरवलं गेलं आणि अलीने दावाच ठोकला.

एक पराभव असलेल्यांना दाराबाहेर ठेवणं

शुगर रे रॉबिन्सन ४०-० असताना १९४३ मध्ये लामोटाकडून हरला, मग १९५१ पर्यंत कोणाकडूनच नाही. विली पेपने पहिले ६२ जिंकले, ६३ वा हरला. हुलिओ सेसार चावेझ ८७-० होता, तेव्हा १९९३ मध्ये व्हिटेकरशी बरोबरी झाली, आणि पाहणाऱ्या बहुतेकांच्या मते तो तिथेच हरला होता. यांच्यासाठी एकूण नोंदीऐवजी सर्वांत मोठी अपराजित मालिका वेगळी काढा आणि तिला वरचीच चाळणी लावा. लॅरी होम्सची मालिका ४८-० वर, २१ सप्टेंबर १९८५ रोजी मायकेल स्पिंक्सने तोडली. मार्सियानोच्या शेवटच्या सामन्याला त्या दिवशी बरोबर तीस वर्षं झाली होती.

उलट्या टोकाला हंगेरीचा लास्लो पाप. ऑलिंपिकची तीन सुवर्णं, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये २७ विजय, दोन बरोबरी, पराभव नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यावर जागतिक जेतेपदासाठी लढायची परवानगी त्याच्याच सरकारने दिली नाही. विजेत्यांच्या यादीत तो बसत नाही, पण तळटीप म्हणून त्याचं नाव तिथे हवं.