घरचा संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून: आधी मोजणी, मग उपाय

घरातील डेस्कटॉप संगणक सुरू व्हायला तीन-चार मिनिटे लागू लागली, की पुष्कळ जण सफाईचे एखादे मोफत सॉफ्टवेअर बसवतात आणि सुरुवातीलाच चालू होणाऱ्या प्रोग्रामांत आणखी एकाची भर घालतात. त्याऐवजी वेळ नेमका कुठे जातो हे आधी पाहावे, कारण उपाय त्यावरच ठरतो. येथे विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक गृहीत धरला आहे.

मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तीन टप्पे वेगवेगळे मोजावेत. बटण दाबल्यापासून पडद्यावर फिरते ठिपके दिसेपर्यंत पहिला, तिथून पासवर्ड विचारला जाईपर्यंत दुसरा, आणि पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझरमध्ये एखादे पान प्रत्यक्ष उघडेपर्यंत तिसरा. हा तिसरा टप्पा मोजायचा बहुधा राहून जातो आणि जुन्या संगणकाचा खरा खोळंबा तिथेच होत असतो.

तिसऱ्या टप्प्याचा उपाय फुकट आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील स्टार्टअप विभागात प्रत्येक प्रोग्रामसमोर त्याच्या भाराचा शेरा असतो. सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ घेणाऱ्या किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन करणाऱ्या प्रोग्रामला ‘हाय’ हा शेरा मिळतो. गप्पांची ॲप्स, गेमचे लाँचर, प्रिंटरसोबत आलेले जादा प्रोग्राम आणि वापरात नसलेली क्लाउड साठवण यांवर उजवी क्लिक करून ‘डिसेबल’ निवडावे. त्यामुळे प्रोग्राम पुसला जात नाही, हवा तेव्हा हाताने उघडता येतो. अँटिव्हायरस मात्र तसाच ठेवावा. मराठी टंकनासाठी वेगळे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही बंद करू नये, नाहीतर पत्र लिहायला बसल्यावर कळफलक इंग्रजीतच चालेल. सेटिंग्जमधील अकाउंट्स आणि त्याखालील साइन-इन ऑप्शन्स येथे, आधी उघडी असलेली ॲप्स पुन्हा उघडण्याचा पर्याय असतो, तोही बंद करावा.

पहिला टप्पा लांबत असेल तर दोष विंडोजचा नसतो. टास्क मॅनेजरच्या त्याच स्टार्टअप विभागात बऱ्याच संगणकांवर ‘लास्ट बायोस टाइम’ हा आकडा सेकंदांत दिसतो. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम. तो मोठा असल्यास यूएसबीला जोडलेली बाहेरची डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून पुन्हा मोजावे, आणि बायोसमधील बूटच्या (संगणक कुठून सुरू व्हावा याच्या) क्रमात विंडोज असलेली डिस्क पहिली ठेवून नेटवर्कवरून बूट होण्याचा पर्याय बंद करावा. संगणक दर वेळी एफ१ दाबायला सांगत असेल आणि घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्यासारखा सेल संपला आहे असे समजावे. रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करणाऱ्या घरांत तो लवकर उतरतो, कारण वीज तोडलेली असताना घड्याळ त्याच्यावरच चालते. बहुतेक मदरबोर्डवर सीआर २०३२ हा सेल असतो. तो स्वस्त असून घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

दुसरा टप्पा लांबतो तो बहुधा हार्ड डिस्कमुळे, आणि इथे पैसे खर्च करणे खरोखर सार्थकी लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती माहिती हेडखाली (डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली) येण्याची वाट सरासरी ४ मिलिसेकंद पाहावी लागते आणि हेड सरकवण्याचा वेळ त्याहून वेगळा. विंडोज सुरू होताना डिस्कवर विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचते, त्यामुळे हे मिलिसेकंद साचून मिनिटे होतात. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसल्याने ही वाट पाहणे उरत नाही. जुन्या मदरबोर्डवर साटा (डिस्क मदरबोर्डला जोडण्याचा एक प्रकार) जोडणीची अडीच इंची एसएसडी चालते. घेण्यापूर्वी मोकळे साटा पोर्ट आणि वीजपुरवठ्याची मोकळी पिन आहे का हे कॅबिनेट उघडून पाहावे. फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवल्यावर क्लोनिंगच्या (डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या) सॉफ्टवेअरने विंडोज नव्या डिस्कवर उतरवावे आणि पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी, म्हणजे संगणक नक्की कोणत्या डिस्कवरून सुरू झाला याबद्दल शंका राहत नाही.

एसएसडी घेणे लगेच शक्य नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधील ‘फास्ट स्टार्टअप’ चालू आहे ना, हे तपासावे. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीत बंद करताना विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते, म्हणून या सोयीचा फरक मोजताना संगणक ‘शट डाउन’ करूनच मोजावा.

एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग्जच्या साधनामध्ये प्रोसेसरची संख्या वाढवून वेग मिळतो असे सांगितले जाते, ते खरे नाही. तो पर्याय चाचणीसाठी आहे आणि तो न निवडताही विंडोज प्रोसेसरचे सगळे कोअर (काम करणारे भाग) वापरते. प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोज नोंदी ठेवते ते प्रीफेच फोल्डर रिकामे केले तर पुढची सुरुवात उलट रेंगाळते. डीफ्रॅगमेंट (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणे) हार्ड डिस्कपुरतेच करावे. एसएसडीची निगा विंडोज स्वतः राखते.