काफकाचा ऑफसेट मागं गेला किंवा पुढं पळाला, तर आधी काय बघायचं

गेल्या हंगामात मोळी पडली (म्हणजे गाळप सुरू झालं) त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला फोन वाजला, पलीकडं तासगाव बाजूचे एक शेतकरी होते. म्हणाले, "ओ साहेब, माझा ऊस अजून रानात उभा हाय, तोडचिठ्ठीबी आली नाही, आन मला साडेअठरा टन वजन झाल्याचा मेसेज कसा आला?" आम्ही सांगलीत बसून जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्याची सिस्टिम सांभाळतो. ट्रॉली काट्यावर आली की वजनाची पावती काफकाच्या (मेसेज ओळीनं साठवून पुढं देणारी सिस्टिम) टॉपिकमध्ये म्हणजे मेसेजच्या यादीत पडते, तिथून एक कन्झ्युमर म्हणजे वाचणारा प्रोग्रॅम शेतकऱ्याला एसएमएस पाठवतो आणि दुसरा बिलाच्या डेटाबेसमध्ये नोंद करतो. लॅपटॉप उघडून बघतो तर एसएमएसवाला कन्झ्युमर त्याच्या आदल्या हंगामाच्या पहिल्या पावतीपासून सगळं परत वाचत निघालेला. दुपारी कळलं की बिलवाल्याचं बरोबर उलटं झालंय, तो मोळीनंतर चार तासांनी चालू केलेला आणि त्या चार तासांतल्या पावत्या त्यानं वाचल्याच नव्हत्या. कारण एकच आणि लक्षणं दोन उलट्या टोकांची, म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण अशा वेळी बहुतेक जण घाईत ऑटो ऑफसेट रीसेटची सेटिंग बदलतात आणि घोळ अजून वाढवतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ऑफसेट म्हणजे यादीतला मेसेजचा क्रमांक, तो आपोआप रीसेट होत नसतो. क्लार्क वहीत "इथपर्यंत झालं" म्हणून रेघ मारतो ना, तसा कन्झ्युमर ग्रुप (एकच काम वाटून घेणारे कन्झ्युमर) कमिट करतो, आणि ती रेघ ब्रोकरवरच्या (काफकाच्या सर्व्हरवरच्या) कन्झ्युमर ऑफसेट्स नावाच्या अंतर्गत टॉपिकमध्ये राहते. रेघेचा अर्थ "पुढचा वाचायचा मेसेज हा". कन्झ्युमर उठला की विचारतो, माझी रेघ कुठाय? ती सापडली आणि ती जागा टॉपिकच्या हद्दीत असली तर ऑटो ऑफसेट रीसेटकडं कुणी ढुंकूनही बघत नाही, ती सेटिंग लागू होते ती रेघ नसेल किंवा रेघेची जागा टॉपिकच्या हद्दीबाहेर गेली असेल तेव्हाच. तेव्हा अर्लिएस्ट असेल तर पार सुरुवातीपासून, लेटेस्ट असेल तर आता येईल तिथून पुढं, आणि नन असेल तर एरर देऊन थांबतो. डिफॉल्ट लेटेस्ट आहे. आमचा एसएमएसवाला टेस्टिंगच्या वेळी कुणीतरी अर्लिएस्टवर ठेवलेला, बिलवाला डिफॉल्टवर. दोघांच्याही रेघा गेलेल्या.

त्यामुळं पहिलं काम म्हणजे रीस्टार्ट करायचा नाही. कन्झ्युमरचा लॉग उघडायचा आणि दोन वाक्यं शोधायची. "फाउंड नो कमिटेड ऑफसेट" दिसलं तर रेघच नाही. "आउट ऑफ रेंज" दिसलं तर रेघ आहे पण ती जागा टॉपिकच्या हद्दीबाहेर आहे. हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी. सोबत काफका-कन्झ्युमर-ग्रुप्स स्क्रिप्टनं ग्रुपचं डिस्क्राइब काढून फाइलमध्ये ठेवा, करंट ऑफसेटच्या खाली नुसती डॅश दिसली तर त्या पार्टिशनवर (टॉपिकच्या त्या तुकड्यावर) कमिट नाही असं समजायचं.

रेघच नाही, तर सगळ्यात आधी ग्रुप आयडी तपासा. डिप्लॉयमध्ये कुणीतरी नावाला व्हर्जन नंबर चिकटवला, किंवा टेस्टचं कॉन्फिग प्रॉडक्शनला गेलं, की काफकाच्या दृष्टीनं तो नवा माणूस, त्याला जुनी रेघ कशी मिळणार. नंतर बघा कोड कमिट करतोय का, ऑटो कमिट बंद करून हातानं कमिट करायचं विसरलेले कोड मी बघितलेत, चालू असेपर्यंत सगळं झकास आणि रीस्टार्ट झाला की सुरुवातीपासून.

आणि तिसरं कारण म्हणजे आमचं, रेघेची मुदत संपणं. ऑफसेट्स रिटेन्शन मिनिट्स नावाची ब्रोकरची सेटिंग असते, काफका २.० पासून डिफॉल्ट १००८० मिनिटं म्हणजे ७ दिवस, त्याआधी तर एकच दिवस होती. २.१ पासून ही मुदत ग्रुप रिकामा झाल्यावर मोजायला सुरू होते, म्हणजे ग्रुपमधला शेवटचा कन्झ्युमर बंद पडल्यावर. आमचा पट्टा पडला (गाळप संपलं) मार्चमध्ये, सर्व्हर उगाच कशाला चालू ठेवायचे म्हणून आम्ही कन्झ्युमर बंद केले, आठवड्यानं रेघा पुसल्या गेल्या आणि नोव्हेंबरपर्यंत कुणाला पत्ताच नाही. पावत्यांचा टॉपिक मात्र ऑडिटसाठी कायमचा ठेवलेला, म्हणून आदल्या हंगामाचा सगळा माल तिथं तसाच होता. हंगामी काम असेल, बेदाण्याचे सौदे असोत नाहीतर पूरपातळीचे सेन्सर असोत, ही गोष्ट आधी बघाच.

आता आउट ऑफ रेंज. इथं बहुतेक वेळा कन्झ्युमर इतका मागं पडलेला असतो की टॉपिकच्या रिटेन्शननं (मेसेज ठेवायच्या मुदतीनं) मेसेज आधीच उडवलेत, टॉपिकचं डिफॉल्टही १६८ तास म्हणजे ७ दिवसच आहे. ते मेसेज काफकातून परत येणार नाहीत, मूळ डेटाबेसमधूनच आणावे लागतील, त्यात वेळ घालवू नका. दुसरं, कुणीतरी टॉपिक डिलीट करून त्याच नावानं परत बनवला, नंबर शून्यापासून सुरू आणि चालू कन्झ्युमरच्या डोक्यात जुना मोठा आकडा. तिसरं, अनक्लीन लीडर इलेक्शन चालू ठेवलेलं असेल तर मागं पडलेली प्रत लीडर (मुख्य प्रत) होते आणि लॉगचं शेपूट कापलं जातं, ही सेटिंग डिफॉल्टनं बंद असते, कुणी चालू केलीय का ते बघा.

लॉगमध्ये दोन्ही वाक्यं नाहीत आणि तरी तेच तेच मेसेज येतायत, तर तो रीसेट नव्हेच. एका पोलमध्ये (मेसेज मागायच्या एका फेरीत) डिफॉल्ट ५०० मेसेज येतात आणि पुढच्या पोलपर्यंत ५ मिनिटांची मुभा असते. एसएमएस गेटवे एका मेसेजला १ सेकंद घेत असेल तर ५०० मेसेजला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, तोपर्यंत ग्रुपनं त्याला बाहेर काढलेलं असतं, कमिट फेल, आणि तेच ५०० मेसेज परत. पोलमधले मेसेज कमी करा, ५० ठेवा, विषय संपला.

दुरुस्तीची पद्धत. ग्रुपमधले सगळे कन्झ्युमर बंद करा, एक जरी जिवंत असला तरी स्क्रिप्ट सांगते की ग्रुप स्टेबल आहे, रीसेट होणार नाही. कन्झ्युमर धाडकन मारला असेल तर सेशन टाइमआउटपर्यंत (ग्रुप त्याला मेला धरेपर्यंत) थांबा, नव्या व्हर्जनमध्ये ४५ सेकंद. मग रीसेट-ऑफसेट्सला टू-करंट आणि एक्सपोर्ट देऊन आत्ताच्या रेघा सीएसव्हीत उतरवून ठेवा, चुकलं तर परतीची वाट पाहिजे. मग टू-डेटटाइमनं पाहिजे ती वेळ द्या आणि ड्राय-रन (नुसती रंगीत तालीम) बघा, आकडे पटले तरच एक्झिक्यूट.

इथं वेळेचा एक मोठा खड्डा आहे. टाइमझोन दिला नाही तर ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते. मला १० नोव्हेंबरच्या रात्री १२ पासून हवं होतं आणि मी साधं ००:०० लिहिलं, म्हणजे आपल्या घड्याळानं पहाटे साडेपाच, साडेपाच तासांच्या ट्रॉल्या परत गायब झाल्या असत्या, ड्राय-रनमध्ये आकडा फार पुढचा दिसला म्हणून वाचलो. वेळेच्या शेवटी +०५:३० लिहायचंच. आणि हा टाइमस्टॅम्प डिफॉल्टनं मेसेज पाठवणाऱ्या मशीनचा असतो, आमच्या एका काट्यावरच्या पीसीची सीमॉस बॅटरी गेलेली, त्याची तारीख भलतीच होती, म्हणून त्या काट्याच्या पार्टिशनला पावती नंबर बघून टू-ऑफसेटनं हातानं आकडा द्यावा लागला.

पुढं असं होऊ नये म्हणून आम्ही ऑफसेटची मुदत ३४५६०० मिनिटं केली, म्हणजे २४० दिवस, पट्टा पडल्यापासून मोळीपर्यंत पुरतात. बिलवाल्याला ऑटो ऑफसेट रीसेट नन केलं, पैशाच्या कामात रेघ हरवली तर त्यानं अंदाज लावू नये, थांबावं आणि माणसाला बोलवावं, पहिल्यांदा चालू करताना ऑफसेट हातानं द्यावा लागतो तेवढा त्रास चालतो. डेटाबेसमध्ये पावती नंबर आणि हंगाम मिळून युनिक की टाकली, नुसता पावती नंबर चालत नाही कारण तो दर हंगामात १ पासून सुरू होतो. एसएमएसवाला २४ तासांपेक्षा जुनी पावती आता पाठवतच नाही.

आणि फक्त लॅगच्या (वाचायच्या राहिलेल्या मेसेजच्या आकड्याच्या) अलार्मवर विसंबू नका. अर्लिएस्टला उडी मारली तर लॅग डोंगराएवढा होतो, लगेच दिसतो, पण लेटेस्टला गेला की लॅग शून्य, डॅशबोर्ड हिरवागार, आणि मधल्या पावत्या कुठंच नाहीत. बिलाचा घोळ आम्हाला डॅशबोर्डनं सांगितला नाही, काट्यावरच्या क्लार्कनं सांगितला, त्याच्या वहीतल्या पावत्या आणि आमच्या नोंदी जुळेनात म्हणून. आता दर पाळी बदलताना दोन्हीकडच्या पावत्यांची मोजणी होते आणि एकाचा जरी फरक पडला तरी पहिला फोन मला येतो.