सांगली-साताऱ्यातून फिगर स्केटिंग: बर्फावर जाण्याआधी काय पक्कं करायचं

फिगर स्केटिंगमध्ये शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो कडांवरच्या ताब्याला, म्हणजे पात्याच्या किंवा चाकांच्या एका बाजूवर झुकून वळण घेण्याला, आणि हा ताबा चाकांच्या स्केट्सवरही कमावता येतो. बर्फाचा रिंक कितीही लांब असला तरी सात ते बारा या वयातला बराचसा पाया काँक्रीटच्या रिंकवर आणि घरातल्या सतरंजीवर घालता येतो. फक्त क्रम चुकवायचा नाही. आपल्याकडे मुलांना सहा महिन्यांत उड्या मारायला लावतात, कारण गॅदरिंगला त्या छान दिसतात. मग पुढची दोन वर्षं त्याच उड्या मोडून पुन्हा बसवण्यात जातात.

घाई करायचं कारणही नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हंगामाआधीच्या 1 जुलैला 13 वर्षं पूर्ण असल्याशिवाय ज्युनिअर गटात उतरता येत नाही. सिनिअर गटाची किमान मर्यादा 2022 च्या ठरावानंतर 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 वर गेली. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात ज्युनिअरपर्यंत चांगली पाच वर्षं असतात.

बूट

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वाढत्या अंगाचा बूट. शाळेचा बूट एक माप मोठा चालतो, स्केटिंगचा नाही. टाच आत हलली की घोटा कडेवर टिकत नाही, मूल बोटांनी बूट धरून ठेवायला लागतं आणि गुडघा वाकवायचं सोडून देतं. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर वजन देऊन मुलाला कागदावर उभं करा आणि लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मोजा पातळ हवा. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघा वाकवल्यावर किंचित मागे यावीत. टाच मात्र जागची हलता कामा नये.

लेस सगळीकडे सारखी आवळू नका. बोटांवर सैल, पाऊल जिथे वळतं तिथे घट्ट, आणि वरच्या एक-दोन हुकांना पुन्हा थोडी सैल, म्हणजे गुडघा पुढे येतो. वरपर्यंत आवळली की मूल खांबासारखं ताठ उभं राहतं.

क्लासमध्ये सहसा दिसणारे स्पीडचे इनलाइन बूट या कामाचे नाहीत. त्यांचा घोटा आखूड असतो, फ्रेम लांब असते, आणि त्यावर गिरकी बसत नाही. दोन पर्याय आहेत: उंच घोट्याचे आर्टिस्टिक क्वाड (पुढे दोन, मागे दोन चाकांचे), किंवा पुढे रबरी टो-पिक (जमिनीवर रोवायचं टोक) असलेली, एका ओळीत तीन चाकांची इनलाइन फिगर फ्रेम. या फ्रेममधलं मधलं चाक जरा खाली असतं, त्यामुळे ती बर्फावरच्या पात्यासारखी झुलते. पुढे बर्फावर जायचं नक्की असेल तर फ्रेमच घ्या. क्वाड असतील तर ट्रक, म्हणजे चाकांची जोडी धरणारे आणि झुकल्यावर वळणारे भाग, फार आवळून ठेवू नका. हलक्या मुलाच्या वजनाने घट्ट ट्रक वळतच नाही, आणि मग मूल कड लावायच्या ऐवजी नुसतं कंबरेत वाकतं.

वर्तुळं

रिंकवर एकमेकांना टेकणारी दोन वर्तुळं काढा, प्रत्येकी 5 मीटर व्यासाची. त्यासाठी अडीच मीटर सुतळी लागते. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि वर्तुळ अंड्यासारखं होतं. एकाने मध्यावर सुतळीचं टोक पायाखाली दाबून धरायचं, दुसऱ्याने खडूने रेषा ओढायची. रांगोळी वापरू नका, तिची बारीक पूड बेअरिंगमध्ये शिरते.

दोन वर्तुळं जिथे टेकतात तिथून एकाच ढकलण्यात उजव्या पायाने एक वर्तुळ पूर्ण करायचं, मग डाव्याने दुसरं. आधी पुढे जाताना बाहेरची कड (करंगळीच्या बाजूची), मग आतली (अंगठ्याच्या बाजूची), आणि या दोन्ही बसल्यावर मागे जाताना. पहिल्या अर्ध्यात मोकळा पाय मागे ठेवायचा. अर्धं वर्तुळ झालं की तो टेकलेल्या पायाजवळून सावकाश पुढे आणायचा. बहुतेक मुलं तीन-चतुर्थांश वर्तुळानंतर रेषेच्या आत घसरतात, कारण मोकळा पाय झटक्यात पुढे येतो आणि त्याच्यासोबत खांदे वळतात. अशा वेळी पायाकडे बघून दुरुस्ती होत नाही. दोन्ही हात रेषेवर, एक पुढे आणि एक मागे धरायला लावा, खांदे आपोआप आवरतात. मोबाइल वर्तुळाच्या मध्यभागी, कंबरेच्या उंचीवर धरून चित्रण करा. टेकलेल्या पायाच्या बाजूची कंबर बाहेर लटकली की त्यात लगेच कळतं.

चारही प्रकार, दोन्ही पायांवर, रेषेपासून चार बोटांपेक्षा जास्त न सरकता जमेपर्यंत हवेत पूर्ण एक फेरी घेणारी उडी शिकवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. याला दीड-दोन वर्षं लागली तरी लागू द्या. एकाच पायावर दिशा बदलणारे थ्री-टर्न याच वर्तुळांवर, याच काळात येतात.

उड्या

आधी उतरणं शिकायचं. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारं मूल उजव्या पायाच्या मागच्या बाहेरच्या कडेवर उतरतं: गुडघा वाकलेला, डावा पाय मागे लांब, हात पसरलेले. ही स्थिती घरी सतरंजीवर, स्केट्स न घालता, तीन आकडे मोजेपर्यंत धरता आली पाहिजे. मग अर्ध्या फेरीची वॉल्ट्झ जंप आणि पुढे सॅल्चाव, टो लूप, लूप, फ्लिप, लुट्झ. ॲक्सल सगळ्यांत शेवटी. तिची सुरुवात पुढे तोंड करून होते, म्हणून एकेरी ॲक्सललाही दीड फेरी लागते.

दोन दोष लहानपणीच पकडा. पहिला, फेरी अपुरी राहणं. पाव फेरीपेक्षा जास्त कमी पडली की परीक्षक उडीची मूळ किंमतच, म्हणजे तिचे ठरलेले गुणच, उतरवतात. याचं कारण सहसा उडीच्या उंचीत सापडतं: गुडघा पुरेसा न वाकवता उडी घेतली जाते आणि हवेत वेळच उरत नाही. दुसरा दोष लुट्झचा. ती मागच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते, पण शेवटच्या क्षणी पाय आतल्या कडेवर पडतो आणि तिची फ्लिप होते. मागच्या बाहेरच्या वर्तुळाचा सराव कच्चा असला की हे ठरलेलं.

दहा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीस-चाळीस उड्या पुरेत. जमिनीवरच्या उड्या मॅटवर किंवा लाकडी फरशीवर घ्या, शहाबादी फरशीवर किंवा काँक्रीटवर नको.

हवामान आणि अंग

एप्रिल-मे महिन्यात सराव सकाळी आठच्या आत संपवा. पावसाळ्यात ओल्या काँक्रीटवर जाऊच नका, साताऱ्यात तर हा काळ बराच लांबतो. ते महिने दोरीवरच्या उड्या, तोल, लवचिकता आणि एखाद्या सभागृहातल्या गिरक्यांसाठी ठेवा.

दर महिन्याला उंची भिंतीवर मांडा. उंची झपाट्याने वाढायला लागली, मुलींमध्ये साधारण अकरा ते तेराच्या दरम्यान, की जमलेल्या उड्याही बिघडतात. हातापायांची लांबी बदलल्याने जुना अंदाज चुकतो. तेव्हा ओरडू नका. उड्या एक-तृतीयांशाने कमी करून वर्तुळांकडे परत या. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर किंवा उतरण्याच्या पायाच्या हाडावर आठवडाभर दुखणं राहिलं तर सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मिरज हाताशी आहे. जेवण कमी करायला कधीही लावू नका. भाकरी, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे पोटभर हवेत. पाळी सुरू झालेल्या मुलीची पाळी थांबली तर तो डॉक्टरकडे जाण्याचा इशारा समजा.

बर्फ

दहाव्या-अकराव्या वर्षापासून वर्षातून दोनदा, दहा-बारा दिवसांचं बर्फावरचं शिबिर धरा. देशातले अनेक स्केटर गुरुग्रामच्या मॉलमधल्या रिंकवर घडले. डेहराडूनचा मोठा रिंक 2011 साली उभा राहिला, पण नंतर अनेक वर्षं बंद होता. म्हणून तिकीट काढण्याआधी रिंक चालू आहे ना, ते फोन करून विचारा. गोवा एक्सप्रेस मिरज-साताऱ्याहून थेट दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनला जाते.

नोंदणी मात्र दोन वेगळ्या ठिकाणी: चाकांसाठी रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया, बर्फासाठी आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. मूल चाकांवरच रमलं तरी वाट बंद होत नाही. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप कुमार यामा यांनी आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्ये वैयक्तिक, आणि अवनी पांचाल यांच्यासह जोडीतही कांस्यपदक मिळवलं.

पहिल्या शिबिराचे सुरुवातीचे तीन दिवस उड्या नकोत. थांबणं, पडणं, उठणं आणि तीच वर्तुळं. पात्याच्या तळाला मध्ये खोबण असते, त्यामुळे दोन्ही कडा चाकांपेक्षा कितीतरी तीक्ष्ण लागतात. चाकांवरून आलेलं मूल पुढे झुकतं आणि टो-पिक अडकून तोंडावर पडतं. म्हणून हातमोजे सक्तीचे.

नवं पातं बहुधा धार लावूनच वापरावं लागतं, आणि ती धार स्केट्सचं काम जाणणाऱ्याकडूनच लावून घ्या. सुरी-कात्रीवाल्याकडे दिलं तर खोबण जाते आणि पातं वाया जातं. पुढची धार साधारण 20 ते 40 तासांच्या सरावानंतर. बर्फावरून उतरलं की लगेच कडक प्लास्टिकचं कव्हर चढवा. बूट काढल्यावर पातं आणि त्याचे स्क्रू कोरड्या फडक्याने पुसून कापडी कव्हर घाला. कडक कव्हरमध्ये पाणी साठतं आणि घरी पोहोचेपर्यंत पात्यावर गंज धरलेला असतो.