साइड स्टँडखालची पसरट पट्टी

पावसाळ्यात अंगणातील मऊ मातीत साइड स्टँडचे टोक रुतून माझी मोटरसायकल दोनदा कलंडली, तेव्हा त्या टोकाखाली बसणारी पसरट पट्टी घरीच बनवण्याचे मी ठरवले. पुठ्ठ्याचा नमुना ६ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमवर आखून, रेषेबाहेर थोडे राखत हॅक्सॉने कापले आणि उरलेले कानशीने घासले. अ‍ॅल्युमिनियमचा कीस कानशीच्या दातांत अडकून ओरखडे पाडतो. कानशीवर आधी खडू घासल्यास हा त्रास बराच कमी होतो, हे मात्र मला अर्धे काम बिघडल्यावर कळले.

वरून दुसरी पातळ पट्टी ठेवून स्टँडचे टोक दोहोंमध्ये पकडायचे होते. सेंटर पंचाने खुणा करून खालच्या पट्टीत ५ मिलिमीटरची भोके पाडली आणि रॉकेलचे थेंब सोडत, अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे असा टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून ६ मिलिमीटर बोल्टचे आटे काढले. पट्टी फार जाड घेऊ नये, कारण गाडी जास्त सरळ उभी राहून उजवीकडे कलंडू शकते. पोलादी स्टँड आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकल्यास अ‍ॅल्युमिनियम गंजते, म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचे रबर घातले आहे.