कंपनीसाठी जुनी एसयूव्ही घेताना: नागपूरकरांसाठी तयारीची यादी

गाडी बघायला निघण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: ही गाडी रोज कुठे जाणार, तिच्यात कोण बसणार, मागे सामान किती राहणार आणि रात्री ती कुठे उभी असणार. नागपुरात कंपनीच्या गाडीची कामं एकसारखी नसतात. कुणाची गाडी वर्धा रोडने रोज बुटीबोरीला जाते-येते. कुणाची हिंगणा एमआयडीसीतून शहरातल्या बँका आणि गिऱ्हाइकांकडे फिरते. कुणाची पहाटे पाचला साइटची माणसं घेऊन उमरेडच्या कोळसा खाणीकडे, नाहीतर कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे निघते. काहींना अधूनमधून 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने मुंबई गाठायची असते. सगळ्या कामांना एकच गाडी चालेल असं धरून बाजारात गेलात, तर डीलरकडे पडून असलेली गाडी तुमच्या गळ्यात पडते.

हा कागद ड्रायव्हरला आणि साइटवर जाणाऱ्या माणसांना दाखवा. मालकाला कोणती गाडी शोभून दिसते, याला माझ्या मते या यादीत शेवटची जागा आहे. दिवसाचे सहा-आठ तास गाडीत काढतात ती माणसं दुसरी असतात, आणि त्यांना सुखरूप घरी पोचवणं ही कंपनीची जबाबदारी आहे.

खाणीचा, खडीचा, कच्चा रस्ता रोजचा असेल तर चेसिसवर बांधलेली गाडी बघा: बोलेरो, स्कॉर्पिओ. दणके सोसते आणि तिचं काम करणारा मेकॅनिक सावनेरलाही सापडतो. बहुतेक धावणं डांबरी रस्त्यावर आणि महामार्गावर असेल तर क्रेटा किंवा हॅरियरसारखी मोनोकॉक बांधणीची, म्हणजे वेगळी चेसिस नसलेली एकसंध सांगाड्याची, गाडी बरी. ती वेगात स्थिर राहते आणि मागे बसणाऱ्याची कंबर वाचते. एका गोष्टीवर मात्र तडजोड करू नका. बोलेरो आणि जुन्या स्कॉर्पिओच्या काही मॉडेलांत मागे समोरासमोर आडव्या सीट असतात. तिथे माणसं बसवून समृद्धीवर 120 च्या वेगाने जाणं मला मान्य नाही. त्या जागेत सामान ठेवा. गाडी 1 जुलै 2019 नंतर बनलेली बघा, कारण त्या तारखेपासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा बझर आणि वेगाचा इशारा सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्यांच्या खालच्या मॉडेलात यातलं काहीच नसू शकतं.

इंधनाचा निर्णयही त्याच कागदावरून होतो. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. सीताबर्डी ते सदर एवढंच फिरणाऱ्या डिझेल गाडीचा डीपीएफ तुंबतो आणि त्याचा खर्च मोठा असतो. शहरातल्या कामाला पेट्रोल घ्या. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त मिळतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे. पण परराज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने. हा आकडा किमतीत मिळवा आणि मगच स्वस्त म्हणा.

आता गाडी बघणं. विक्रेत्याला फोनवरच सांगा की तुम्ही सकाळी सातच्या आत येणार आणि तोवर गाडी सुरू करायची नाही. नागपूरच्या उन्हात दहा वाजता बॉनेट तसंही तापतं, मग इंजिन आधी गरम करून ठेवलं होतं का हे हाताला कळत नाही. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, सायलेन्सरमधून काय निघतं, हे स्वतः उभं राहून बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंटही कमी असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या माथ्याखालच्या सीलचा, संशय घ्या. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. आतून जोरात फुसफुसत वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.

तीच गाडी दुसऱ्यांदा दुपारी दोनला बघा, आणि जमलं तर मे महिन्यात. एसी पूर्ण चालू करून गाडी वीस मिनिटं जागेवर उभी ठेवा. मागच्या सीटवर बसा, कारण तिथे तुमची माणसं बसणार आहेत. तापमानाचा काटा वर सरकतो का, रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, मागे गार हवा पोचते का, हे तेव्हाच कळतं. डिसेंबरमध्ये सगळ्याच गाड्यांचा एसी चांगला असतो. 45 अंशांत साइटवरून परतणाऱ्या माणसांसाठी एसी ही चैन नाही.

चालवून बघताना गल्लीत एक चक्कर मारून समाधान मानू नका. सेमिनरी हिल्सच्या चढावर थांबवून परत उचला. वर्धा रोडला चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून एकदम अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय. मोकळ्या जागी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून कटकट ऐका. खड्ड्यातून हळू न्या आणि खिडक्या बंद ठेवून सस्पेन्शनच्या बुशांचा ठकठकाट ऐका. फोर बाय फोर असेल तर ते मातीत लावून बघा. कित्येक गाड्यांत ते वर्षानुवर्षं कुणी लावलेलंच नसतं.

नागपुरातल्या गाडीसाठी एक तपासणी मी कधीच सोडत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं आणि उभ्या गाड्या बुडाल्या. विम्यात ‘टोटल लॉस’ ठरलेल्या गाड्या लिलावातून दुरुस्तीला जातात आणि चकचकीत होऊन बाजारात परत येतात. त्यासाठी पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा, अगदी रीळ संपेपर्यंत. रोज हाताशी येणारा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही. तिथे मातकट आडवी रेघ दिसली तर पाणी तिथवर चढलं होतं. मग सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यातली चटई उचला, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का ते टॉर्च मारून बघा. सुगंधी स्प्रे जरा जास्तच मारलेला असेल तर काचा बंद करून गाडी उन्हात अर्धा तास ठेवा. कुबट वास वर येतो. रेघ दिसली की किंमत कितीही उतरवली तरी परत फिरा. पाण्यात भिजलेली एअरबॅगची वायर कधी दगा देईल सांगता येत नाही.

मीटर मागे फिरवणं अजून थांबलेलं नाही. गाडीच्या नंबरवरून ती बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडची नोंद मागवा आणि प्रत्येक वेळचे किलोमीटर क्रमाने लावून बघा. चाळीस हजार चाललेल्या गाडीचं क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं आणि ड्रायव्हर सीटची उजवी कड बसलेली नसते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायर बघा. खाच भरपूर असली तरी सात-आठ वर्षांचं टायर उन्हाळ्यात महामार्गावर फुटू शकतं, ते बदलायचा खर्च आधीच धरा. सोबत ओळखीचा मेकॅनिक आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर दोन्ही हवेत. मेकॅनिकची मजुरी तुम्ही द्या, डीलरला देऊ देऊ नका.

किमतीकडे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या नव्या एसयूव्हीवर जीएसटी 40 टक्के आहे. त्याआधी सेससह तो 50 टक्क्यांपर्यंत जात होता. त्यामुळे विक्रेता ‘मी एवढ्याला घेतली होती’ म्हणून जो भाव लावतो तो बाजूला ठेवा. तीच गाडी आज शोरूमला कितीला मिळते, तिथून खाली मोजायला लागा. नोंदणीकृत डीलर जुन्या गाडीवर त्याच्या नफ्याच्या फरकावर 18 टक्के जीएसटी भरतो. तेरा आसनांपर्यंतच्या गाडीवर तुम्हाला त्याचं क्रेडिट सहसा मिळत नाही, म्हणून ते धरून हिशेब मांडू नका. आयकरात घसारा 15 टक्के मिळतो, पण पैसे बँकेतून दिलेले हवेत. दिवसाला दहा हजारांवर रोख दिली तर ती रक्कम घसाऱ्याच्या हिशेबात धरली जात नाही. ‘थोडे कॅश द्या’ असं म्हणणाऱ्याला इथेच नमस्कार करा.

आणखी एक खर्च हमखास विसरला जातो. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीचा एकरकमी रोड टॅक्स वैयक्तिक गाडीपेक्षा जास्त आहे. व्यक्तीच्या नावावरची गाडी कंपनीच्या नावावर घेताना फरक किती भरावा लागेल, ते टोकन देण्याआधी आरटीओतून काढून घ्या. कंपनीचा पत्ता कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येतो तेही बघा: शहर एमएच-31, ग्रामीण एमएच-40, पूर्व नागपूर एमएच-49. बुटीबोरीचा कारखाना ग्रामीणमध्ये जातो.

कागदांत आधी एमपरिवाहन या सरकारी अॅपवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, ते बघा. मग ई-चलनं. चेसिस नंबर आरसीवर वाचून थांबू नका, गाडीवर कोरलेला नंबर बोटाने चाचपा. बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर विक्रेत्याची सही समोर घ्या. कंपनीकडून संचालक मंडळाचा ठराव, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, पॅन आणि जीएसटी प्रमाणपत्र तयार ठेवा. उच्च सुरक्षेची नंबर प्लेट (एचएसआरपी) लागलेली नसेल तर ती आधी विक्रेत्याकडून लावून घ्या. हस्तांतराची नोंद खरेदीदाराने तीस दिवसांत करायची असते.

विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या, आणि हे काम एजंटवर सोडू नका. गाडी कंपनीची असेल तर मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा लागूच होत नाही. म्हणजे स्टिअरिंगवरच्या माणसासाठी वेगळी तरतूद करावी लागते. पॉलिसीत पगारी ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी, म्हणजे आयएमटी 28, आणि गाडीतून जाणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांची, म्हणजे आयएमटी 29, या दोन्ही ओळी आहेत का ते स्वतः वाचा. प्रीमियम फार वाढत नाही. नसतील तर गाडी गेटबाहेर काढू नका. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुमच्याकडे येत नाही, त्यामुळे प्रीमियम त्याच्यापेक्षा जास्त दिसेल.

ताबा घेताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्या, कारण त्याच दिवशीचं सकाळचं चलन कुणाचं हा वाद नंतर निघतो. दोन्ही किल्ल्या, जॅक, पाना आणि सर्व्हिस बुक मोजून घ्या. जुना फास्टॅग विक्रेत्याकडून बंद करवून काचेवरून खरवडा आणि कंपनीच्या खात्याचा नवा लावा. मग गाडी थेट गॅरेजला न्या. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल विक्रेता काहीही सांगो, नव्याने टाका, आणि साइटची पहिली खेप त्यानंतरच्या सकाळी ठेवा.