नवी तक्रार, जुनी गोळी: रुग्णाची काळजी घेताना या चुका टाळा

बीपीची गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी कोरडा खोकला लागतो आणि घरचे मेडिकलमधून खोकल्याच्या बाटल्या आणत राहतात. ती गोळी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल असेल, तर खोकला तिचाच असू शकतो. बीपीच्याच अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, मग त्या सुजेसाठी आणखी एक गोळी येते. नव्या तक्रारीसाठी नवे औषध जोडण्याआधी अलीकडे कोणती गोळी सुरू झाली, कोणत्या गोळीचा डोस वाढला, हे न विचारणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

खानदेशात उन्हाळा या चुकीत भर घालतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. केळीच्या बागेत राबणारा माणूस रॅमिप्रिल आणि लघवी वाढवणारी गोळी घेत असेल आणि अंगदुखीसाठी त्याने स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले, तर शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असताना या तिन्हींचा एकत्रित ताण मूत्रपिंडावर पडतो. लघवी कमी होणे आणि उठताच चक्कर येणे याला केवळ ‘ऊन लागले’ म्हणून सोडू नये. दुखण्याची गोळी तेथेच थांबवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने एकादशीला उपास करून नेहमीचाच डोस घेतला, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, बरळणे ही लक्षणेही उन्हाचीच वाटतात. ग्लुकोमीटरने तपासावे, शुद्धीवर असल्यास साखरपाणी द्यावे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

लघवीच्या रंगाबाबत दोन्ही बाजूंनी चूक होते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. ते निरुपद्रवी असते, त्यामुळे उपचार सोडू नयेत. हिवतापासाठी प्रायमाक्विन घेताना लघवी काळपट झाली, तर मात्र गोळी थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा, कारण जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. नंदुरबारच्या सातपुड्यात काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

संशय आला म्हणून सगळ्याच गोळ्या एकदम बंद करणे हीही चूकच आहे. फिटची, स्टेरॉइडची किंवा बीपीची अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी अचानक थांबवणे धोक्याचे ठरते. घरातली सर्व पाकिटे, वैद्यांच्या पुड्यांसह, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत. दुष्परिणामाची नोंद रुग्ण किंवा नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करू शकतात.