भेंडी पिवळी पडतेय? पान उन्हाकडे धरून बघा

भेंडीचा शेंडा पिवळा दिसला की आपण लगेच लोहाची फवारणी घेतो. रोग केवड्याचा असेल तर ते पैसे पाण्यात.

१. शेंड्याजवळचं कोवळं पान तोडून उन्हाकडे धरा.
२. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, तर लोहाची कमतरता. शिराच पिवळ्या, हळदीत बुडवलेल्या दोऱ्यांची जाळी पसरावी तशा, आणि मधे हिरव्या चौकटी उरलेल्या, तर केवडा, म्हणजे विषाणू.
३. केवड्याचं झाड कशानेही बरं होत नाही. सकाळच्या गारव्यात हा रोग पसरवणारी पांढरी माशी सुस्त असते, तेव्हाच उपटून पिशवीत घाला आणि पुरा.

पूर्ण पिवळं पडलेलं पान घेऊ नका, त्यात फरक दिसत नाही.